सिंगापूरची सहल : आधी जेवणाचा विचार, मग हॉटेलचा

सिंगापूरला जायचे ठरले की घरात पहिली चर्चा विमानाच्या तिकिटांची होते आणि दुसरी प्रेक्षणीय स्थळांची. हॉटेलचा विषय निघतो तो बहुधा रात्री उशिरा, संगणकासमोर बसून दर पाहताना. जेवणाचे काय, हा प्रश्न तर 'तिथे सगळे मिळते' या एका वाक्यावर सोडून दिला जातो. हे वाक्य खोटे नाही. सिंगापुरात खरोखरच सगळे मिळते. मात्र ते सगळीकडे मिळत नाही आणि सर्व वेळी मिळत नाही. बृहन्मुंबईपेक्षा थोडेच मोठे असलेले हे शहर खाण्याच्या बाबतीत गल्लोगल्ली बदलते. त्यामुळे मुक्कामाची जागा चुकली तर रोजच्या जेवणाचे वेळापत्रकच कोलमडते.

प्रस्तुत प्रतिनिधीला हा धडा काही वर्षांपूर्वी आई-वडिलांसमवेत केलेल्या सहलीत मिळाला. कार्यालयांच्या भागातील एका चांगल्या हॉटेलचा शनिवार-रविवारचा दर आश्चर्य वाटावे इतका कमी होता, म्हणून ते घेतले. दर कमी का, हे शनिवारी सायंकाळी कळले. सोमवार ते शुक्रवार माणसांनी फुलून जाणारा तो परिसर निर्मनुष्य झाला होता. खालची खाद्यगृहे बंद होती, जवळच्या खाद्यकेंद्रातील बहुतेक गाळ्यांचे दिवे मालवलेले होते आणि जे दोन-तीन चालू होते तिथे कढईत डुकराचे मांस होते. वडिलांना मधुमेह असल्याने त्यांच्या इन्सुलिनची आणि जेवणाची वेळ ठरलेली. आई शुद्ध शाकाहारी. अखेर रात्रभर चालणाऱ्या एका छोट्या दुकानातून केळी, पाव आणि बिस्किटे आणून ती वेळ निभावली. दुसरा दिवसही फारसा वेगळा गेला नाही. तिसऱ्या दिवशी लिटल इंडियात केळीच्या पानावर भात, सांबार आणि भाजी पुढे आली, तेव्हा आई सहज म्हणाली, "दोन दिवसांनी आज पोट भरलं." तोवर तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नव्हता. मुलाने एवढा खर्च केला आहे, त्याला कशाला बोलायचे, असा विचार करून आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी परदेशात गुपचूप उपाशी राहतात. सहलीची आखणी करताना हे आधी लक्षात घ्यावे लागते.

यात्रा कंपनीच्या गटाबरोबर जाणाऱ्यांना ही चिंता नसते, कारण त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत रोजचे 'इंडियन डिनर' असतेच. मात्र सहा दिवस तेच पनीर आणि तीच पिवळी डाळ खाऊन परतणाऱ्याने सिंगापूर पाहिले असले, तरी चाखलेले नसते. स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्यांची संख्या वाढत आहे. पुढील माहिती प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

हॉकर सेंटर : सरकारी छपराखालची खाऊगल्ली

सिंगापूरकर बाहेर जेवतो तो मुख्यतः हॉकर सेंटरमध्ये. पूर्वी हे विक्रेते आपल्याकडच्याप्रमाणेच रस्त्यावर हातगाड्या लावत. अस्वच्छता आणि वाहतुकीची अडचण यावर उपाय म्हणून सरकारने १९६८-६९मध्ये त्यांची नोंदणी केली आणि १९७०च्या दशकापासून पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या पक्क्या केंद्रांत त्यांचे पुनर्वसन केले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. डिसेंबर २०२०मध्ये या हॉकर संस्कृतीचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. फेरीवाल्यांचा प्रश्न आपल्या महापालिकांच्या सभागृहांत वर्षानुवर्षे गाजत असताना, एका शहराने तो सोडवून त्याचा वारसा केला, हे पाहण्यासाठी तरी तिथे जाऊन बसावे.

मध्यभागी टेबले आणि भोवती लहान लहान गाळे अशी सर्वसाधारण रचना असते. एकेक गाळा एक-दोन पदार्थच करतो, पण वर्षानुवर्षे तेच करतो. साधारण चार ते आठ सिंगापूर डॉलरमध्ये एका माणसाचे पोटभर जेवण होते. सेवाशुल्क नसते आणि बक्षिसी द्यायची पद्धत नाही. टेबल रिकामे दिसले पण त्यावर कागदी रुमालांचे पुडके किंवा छत्री ठेवलेली असली, तर ते राखीव आहे असे समजावे. स्थानिक बोलीत याला 'चोप' करणे म्हणतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तोच हा प्रकार. जेवण झाल्यावर ताटे-वाट्या आणि ट्रे ठरलेल्या जागी नेऊन ठेवणे सप्टेंबर २०२१पासून सक्तीचे आहे. पहिल्या वेळी समज देतात, पुन्हा चुकल्यास दंड होतो.

पैशांच्या बाबतीत एक सूचना. अनेक गाळ्यांवर रोख रक्कम किंवा स्थानिक बँकांचे क्यूआर कोड चालतात, परदेशी कार्ड चालतेच असे नाही. मॉलमध्ये कार्डावर निर्धास्त फिरलेला पर्यटक वाडगाभर नूडल्सपुढे अडतो तो इथे. म्हणून दोन, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

चायनाटाऊनजवळचे मॅक्सवेल फूड सेंटर हैनानी चिकन राइससाठी प्रसिद्ध आहे. उकडलेली कोंबडी, तिच्याच रश्श्यात शिजवलेला भात आणि मिरची-आल्याची चटणी असा हा पदार्थ. आपल्या जिभेला तो पहिल्या घासाला मिळमिळीत वाटतो, तिसऱ्या घासाला नाही. व्यापारी भागातील लाऊ पा सात या बिडाच्या कमानींच्या अष्टकोनी जुन्या मंडईत सायंकाळी बाजूचा रस्ता बंद करून निखाऱ्यावर भाजलेल्या साटेचा बाजार भरतो. सुट्टीच्या दिवशी ओस पडणाऱ्या त्या भागाला हा एक अपवाद. न्यूटन फूड सेंटर २०१८च्या 'क्रेझी रिच एशियन्स' या चित्रपटामुळे जगभर पोहोचले. पण तिथे मासळी घेताना आधी भाव विचारावा. २००९मध्ये याच केंद्रात काही अमेरिकी पर्यटकांच्या हाती ४९१ डॉलरचे बिल पडले होते आणि त्यातील निम्मी रक्कम आठ मोठ्या कोळंब्यांची होती. प्रकरण वृत्तपत्रांत गाजले, संबंधित गाळ्यावर कारवाईही झाली. तरीही पाटीवर आकड्याऐवजी 'हंगामी भाव' असे लिहिले असेल तर वजन आणि रक्कम दोन्ही विचारून घेण्यात कमीपणा नाही.

'वेज' म्हटल्याने भागत नाही

मराठी कुटुंबाची खरी कसोटी शाकाहाराची आहे. इंग्रजी सर्वत्र चालते, त्यामुळे 'व्हेजिटेरियन' हा शब्द समजतो. त्याचा अर्थ मात्र वेगळा लावला जातो. वर मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे शाकाहारी, असे मानणारे विक्रेते आहेत आणि त्यात त्यांचा फसवण्याचा हेतू नसतो. हिरव्या पालेभाजीत 'बेलाचान' म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची आंबवलेली चटणी असते, परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस असतो, नूडल्सच्या पाण्याला हाडांच्या रश्श्याची चव दिलेली असते आणि कित्येक ठिकाणी फोडणी डुकराच्या चरबीची असते. फळे-भाज्यांची कोशिंबीर वाटणाऱ्या रोजाकमध्येही कोळंबीचा काळा पाक घालतात. लाक्सा या नारळाच्या दुधातल्या रस्स्याचा रंग पाहून आपल्याला सोलकढी आठवेल, पण त्याच्या मसाल्यात सुकट आहे. 'कॅरट केक' नावाच्या पदार्थात गाजरही नाही आणि केकही नाही. तो तांदळाचे पीठ आणि मुळा यांचे वडे कुस्करून अंड्यात परतलेला प्रकार आहे.

म्हणून 'मी शाकाहारी आहे' एवढे सांगून न थांबता मांस नको, मासा नको, कोळंबी नको, अंडे नको असे एकेक नाव घेऊन सांगावे. वयस्कर चिनी विक्रेत्यांसाठी हेच चिनी भाषेत लिहिलेली चिठ्ठी किंवा मोबाइलमधील भाषांतर दाखवणे अधिक उपयोगी पडते. 'नो पोर्क, नो लार्ड' ही पाटी म्हणजे हलाल प्रमाणपत्र नव्हे आणि तिथे गोमांस नसेल याची हमीही नव्हे. ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी ते स्वतंत्रपणे विचारावे.

शाकाहारी माणसाला सिंगापुरात दोन घरे आहेत. एक आपले ओळखीचे, सेरांगून मार्गाभोवतीचे लिटल इंडिया. आनंद भवन १९२४पासून आणि कोमला विलास १९४७पासून इथे इडली, डोसा आणि पानावरचे जेवण वाढत आहेत. दक्षिणी चवीचा कंटाळा आलाच तर उत्तर भारतीय आणि गुजराती पद्धतीची भोजनालयेही याच परिसरात आहेत. लिटल इंडिया स्थानकाला लागून असलेल्या टेक्का सेंटरमध्ये तळमजल्यावर हॉकर सेंटर आणि मंडई आहे. प्राटा म्हणजे आपल्या पराठ्याचाच भाऊ. मात्र त्यासोबत येणारा रस्सा बहुधा माशाचा किंवा मटणाचा असतो, डाळ मागून घ्यावी लागते. चतुर्थी-एकादशी सांभाळणाऱ्यांसाठी मंडईत केळी, पपई, शहाळी मिळतात. साबुदाणा, शेंगदाणे हवे असल्यास जवळचे मुस्तफा सेंटर रात्री उशिरापर्यंत उघडे असते.

दुसरे घर आपल्याकडच्या पर्यटकांना सहसा ठाऊक नसते. ते म्हणजे चिनी बौद्धांचे शाकाहारी भोजन. त्यात मांस-मासळीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी कुटुंबे असे जेवण घेतात, त्यामुळे मोठ्या हॉकर सेंटरमध्ये एखादा तरी शाकाहारी गाळा असतोच. बुगिस भागातील वॉटर्लू मार्गावर क्वान यिन देवीचे मंदिर आणि श्रीकृष्णाचे मंदिर शेजारी शेजारी आहेत. देवीच्या दर्शनाला आलेले चिनी भाविक कृष्णापुढेही उदबत्ती लावून जातात. या मंदिरांच्या आसपास, विशेषतः फॉर्च्युन सेंटर या जुन्या इमारतीत, शाकाहारी उपाहारगृहांची दाटी आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन कुटुंबांनी ही जागा नोंदवून ठेवावी, कंदमुळांचे मात्र तिथेही विचारून घ्यावे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. या जेवणात सोया आणि गव्हाच्या चिकापासून केलेले 'बदक', 'मासा', 'मटण' असते आणि ते हुबेहूब दिसते. आजी ताटावरून उठण्याचा संभव असतो. काही गाळे अंडे वापरतात, तेही विचारावे.

मासे खाणाऱ्यांची चैन

कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला इथे काही शिकवावे लागत नाही. टेक्काच्या मंडईत सकाळी पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग पाहूनच तो खुलतो. त्याने माशाच्या डोक्याची करी अवश्य घ्यावी. चिनी लोकांना माशाचे डोके प्रिय आणि मलयाळी माणसाला आमटीचा हात. या दोहोंच्या मीलनातून १९४०च्या दशकाच्या अखेरीस केरळहून आलेल्या एका स्वयंपाक्याने हा पदार्थ सिंगापुरात केला, असे मानले जाते. रेसकोर्स मार्गावर त्यासाठी नावाजलेली भोजनालये आहेत. एक डोके तीन-चार जणांना पुरते, हे माहीत नसल्याने दोघांसाठी दोन मागवणारे पर्यटक पाहिले आहेत. चिली क्रॅब गोडसर लागते आणि खेकडा वजनावर मिळतो. मालवणी तोंडाला ती एकदा चाखण्यापुरती ठीक आहे, असे आमचे मत. यावर मतभेद होतील याची कल्पना आहे.

न्याहारीसाठी 'कोपीटियम' म्हणजे जुन्या वळणाचे कॉफीगृह गाठावे. नारळाचे दूध, अंडे आणि साखर यांच्या 'काया' नावाच्या मुरांब्याचा टोस्ट, अर्धकच्ची अंडी आणि कॉफी ही ठरलेली न्याहारी आहे. 'कोपी' म्हटले की आटवलेल्या गोड दुधाची कॉफी येते, 'कोपी ओ' म्हटले की बिनदुधाची पण साखरेची आणि 'कोपी ओ कोसोंग' म्हटले की दूध-साखर दोन्ही नसलेली. मधुमेहींनी 'कोसोंग' हा शब्द पाठच करावा. चहासाठी 'तेह' म्हणावे, पुढचे शब्द तेच.

मुक्काम कोठे करावा

आता हॉटेलकडे वळू. सिंगापूरची मेट्रो, तिथल्या भाषेत एमआरटी, इतकी सोयीची आहे की समुद्रकिनारी किंवा प्रसिद्ध मनोऱ्यांच्या पायथ्याशीच राहण्याची गरज उरत नाही. नकाशावर एकच गोष्ट पाहावी. हॉटेलपासून पायी दहा मिनिटांत स्थानक आहे का, आणि तेवढ्याच अंतरात रात्री नऊला आपल्याला चालेल असे जेवण मिळते का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तरच बाकीच्या सुखसोयींकडे पाहावे.

शाकाहारी सदस्य, लहान मुले किंवा औषधांच्या वेळा पाळणारे ज्येष्ठ बरोबर असतील तर लिटल इंडिया आणि लगतचे फॅरर पार्क, रोचोर, जालान बसार हे भाग पहिल्या पसंतीचे. लिटल इंडिया स्थानकावर दोन मार्ग मिळतात. जांभळ्या मार्गाने तिसरे स्थानक चायनाटाऊन आणि पाचवे हार्बरफ्रंट, जिथून सेंटोसा बेटावर जाता येते. निळ्या मार्गाने चौथे स्थानक बेफ्रंट, म्हणजे मरीना बेचा सारा झगमगाट. या भागाची उणीव गजबजाट ही आहे. रविवारी सुट्टीच्या दिवशी बांगलादेशी आणि तमिळ कामगार हजारोंच्या संख्येने इथे जमतात. दादरच्या फुलबाजारात वाढलेल्याला त्याचे काही वाटणार नाही, शांततेसाठी आलेल्याला वाटेल. अशांनी बुगिस निवडावे. वॉटर्लू मार्गाची शाकाहारी भोजनालये तिथे हाताशी आहेत आणि लिटल इंडिया पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

मांसाहारी आणि खवय्या तरुण जोडप्यांसाठी चायनाटाऊन उत्तम. ऑर्चर्ड मार्ग खरेदीसाठी ठीक, पण तिथले जेवण मुख्यतः मॉलमधले आणि महाग. सेंटोसावर राहणे मुलांना आवडते. मात्र संध्याकाळनंतर बेटावर साधे, स्वस्त जेवण शोधणे कठीण होते आणि प्रत्येक वेळी मुख्य भूमीवर यावे लागते. कार्यालयांच्या भागाचा अनुभव वर आलाच आहे. स्वस्त हॉटेलांच्या शोधात गेलांग हे नाव वारंवार पुढे येते. तिथे खाणे चांगले मिळते हे खरे, परंतु त्याच्या काही गल्ल्या वेश्यावस्तीच्या आहेत. संकेतस्थळावरील चकचकीत छायाचित्रांत ही बाब दिसत नाही. कुटुंबासह जाणाऱ्याने हॉटेलची नेमकी गल्ली तपासूनच निर्णय घ्यावा.

परिचितांकडून 'भाड्याने फ्लॅट घेऊ, स्वयंपाक करू' असा सल्ला मिळतो. युरोपात तो लागू पडेल, सिंगापुरात नाही. तिथे खासगी सदनिका तीन महिन्यांपेक्षा आणि सरकारी वसाहतींतील घरे सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देता येत नाहीत. स्वयंपाकघर असलेली सर्व्हिस अपार्टमेंट्स कायदेशीर आहेत, पण त्यांतील बहुतेकांना किमान सात दिवसांच्या मुक्कामाची अट असते. आठवडाभर राहणाऱ्या मोठ्या कुटुंबाला ती परवडू शकतात.

खोली निवडताना आणखी काही तपशील पाहावेत. सिंगापुरात जागा महाग, त्यामुळे खोल्या लहान असतात आणि कमी दराच्या काही खोल्यांना खिडकीच नसते. तसे वर्णनात एका ओळीत लिहिलेले असते, ती ओळ वाचायची राहून जाते. चायनाटाऊन आणि लिटल इंडियातील जुन्या दुकानघरांची सुंदर हॉटेले झाली आहेत, पण त्यांतील काहींना लिफ्ट नाही आणि जिने उभे आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी हे छायाचित्रांपेक्षा महत्त्वाचे. 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग आणि 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे. एका खोलीत किती माणसे राहू शकतात याचे नियम काटेकोर असतात. दोघांच्या खोलीत चौघे 'अॅडजस्ट' करू, हे आपले नेहमीचे धोरण तिथे स्वागतकक्षातच अडते. स्वच्छतागृहात पाण्याच्या फवाऱ्याची सोय आहे का, हा प्रश्न इमेलवर विचारण्यात संकोच करू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात तो असतोच.

दरापुढची दोन अधिक चिन्हे

सिंगापुरातील हॉटेल आणि उपाहारगृहांच्या दरांपुढे '++' असे चिन्ह दिसते. पहिले अधिक म्हणजे दहा टक्के सेवाशुल्क, दुसरे म्हणजे वस्तू व सेवा कर. हा कर २०२२पर्यंत सात टक्के होता, २०२३मध्ये आठ आणि १ जानेवारी २०२४पासून नऊ टक्के झाला. तो सेवाशुल्क धरून होणाऱ्या रकमेवर लागतो. म्हणजे दोनशे डॉलरची खोली आधी २२० आणि मग २३९ डॉलर ८० सेंट्सची होते. इतर दुकानदारांना करासह किंमत दाखवणे बंधनकारक आहे. सेवाशुल्क घेणाऱ्या हॉटेल-उपाहारगृहांना त्यातून सूट आहे. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर पहिल्या पानावर दिसणारा दर अनेकदा या करांविना असतो. दोन हॉटेलांची तुलना नेहमी शेवटच्या पानावरील एकूण रकमेने करावी.

न्याहारीसह खोली घ्यावी का? हॉटेलमधील न्याहारीसाठी माणशी वीस-तीस डॉलर सहज आकारले जातात आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला पाव, फळे आणि कॉर्नफ्लेक्स येतात. खाली उतरून पाच मिनिटांवर इडली किंवा काया टोस्ट त्याच्या चौथाई खर्चात मिळत असेल, तर उत्तर उघड आहे. अपवाद फक्त औषध घेऊन लगेच खावे लागणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर तयार असलेली न्याहारी हा पैशांचा अपव्यय नव्हे.

हॉटेलात प्रवेश करताना अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती केवळ मर्यादेतून वजा दिसते, तर डेबिट कार्डावर खात्यातील पैसेच काही दिवस अडकतात. सहलीच्या खर्चासाठी ठेवलेले पैसे असे गुंतले की पंचाईत होते.

कोणत्या तारखा, कोणते आरक्षण

उन्हाळी सुट्टीत मराठी पर्यटकांची गर्दी असते, पण हॉटेलांचे दर ठरतात ते दुसऱ्याच गोष्टींनी. शरद ऋतूत होणाऱ्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या आठवड्यात मरीना बे परिसरात दर आभाळाला भिडतात. मार्च २०२४मध्ये टेलर स्विफ्ट या गायिकेचे सहा कार्यक्रम झाले, तेव्हाही हेच घडले. चिनी नववर्षात दुहेरी अडचण असते. दर चढलेले असतात आणि हॉकर सेंटरमधील अनेक गाळे दोन-चार दिवस बंद. दिवाळीत लिटल इंडियावरील रोषणाई पाहण्यासारखी असते, तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टीही असते. नोव्हेंबर ते जानेवारी पावसाचे दिवस, तेव्हा स्थानकाजवळच्या हॉटेलचे महत्त्व आणखी वाढते.

भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटांमार्फत काढावा लागतो. साधारणपणे प्रवासाच्या तारखेपूर्वीच्या तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण ठेवावे. 'नॉन-रिफंडेबल' दर दहा-पंधरा टक्क्यांनी स्वस्त दिसतो, पण एका सदस्याचा व्हिसा लांबला तर सगळी रक्कम जाते. व्हिसा मिळाल्यावर दर पुन्हा पाहून, कमी असल्यास नव्याने आरक्षण करून जुने रद्द करता येते. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे खरी नव्हेत.

मुंबईहून निघणारी अनेक विमाने रात्री उडतात आणि सकाळी चांगी विमानतळावर उतरतात. घड्याळ अडीच तास पुढे असते. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन-तीनला मिळते. न झोपलेले ज्येष्ठ आणि किरकिरणारी मुले घेऊन सहा-सात तास काढायचे आहेत, हे आधीच गृहीत धरावे. लवकर खोली देण्याची विनंती आठवडाभर आधी इमेलने करावी. ती मान्य न झाल्यास सामान हॉटेलात ठेवून जवळच्या भोजनालयात जावे. इथेही मुक्काम खाण्याच्या वस्तीत असण्याचा फायदा होतो.

घरचा डबा

ठेपले, चिवडा, मेतकूट, लाडू हे सामानात असणारच आणि असावेतही. खोलीत विजेची किटली असते. त्या गरम पाण्यात होणारे तयार उपमा-पोह्यांचे पुडे रात्री-अपरात्री कामी येतात. खोलीत शेगडी किंवा इंडक्शन चालवणे मात्र हॉटेलांना चालत नाही. धुरामुळे गजर वाजतो आणि दंड भरावा लागतो. खसखस हा तिथे निर्बंध असलेला पदार्थ आहे, म्हणून खसखस लावलेले अनारसे किंवा तसे लाडू-मसाले नेऊ नयेत. गुटखा, खैनी, चघळायची तंबाखू आणि ई-सिगारेट यांवर पूर्ण बंदी आहे. च्युइंगमही नेता येत नाही. मेट्रोत खाणे-पिणे गुन्हा असून पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फलाटावर डबा उघडण्याचा मोह आवरावा. नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य असल्याने बाटल्यांवरचा खर्च वाचतो. विजेच्या खाचा ब्रिटिश पद्धतीच्या, चौकोनी तीन पिनांच्या असतात, तसा अॅडाप्टर घरूनच न्यावा.

इन्सुलिनची पेने विमानात हातातल्या सामानात ठेवावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत बरोबर असावी. हॉटेलच्या खोलीतील छोटा शीतकपाट पुरेसा थंड असतोच असे नाही, हेही आधी विचारावे. काही ठिकाणी खोलीचे कार्ड काढले की त्याचा वीजपुरवठा बंद होतो. आम्ही दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा हे विचारून घेतले होते, आणि मुक्काम लिटल इंडिया स्थानकापासून चार मिनिटांवर होता. वडील सकाळी एकटेच खाली जाऊन 'कोपी ओ कोसोंग' घेऊन यायला शिकले.